आधीच रडू येतं, त्याचं काय करायचं?

ताई, वडील शेवटच्या आजारात असले तरी अजून आहेत आणि आपण आत्ताच रडतोय, हे अभद्र तर नाही ना, असं तुम्ही विचारलंत. अजिबात नाही. निरोपाआधीचं हे दुःख मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी 1944 सालीच नोंदवून ठेवलं आहे. 'सुटले एकदाचे तर बरं' हा विचार मनात येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. तो विचार माणूस जावा म्हणून नसतो, त्याच्या वेदना थांबाव्यात म्हणून असतो.

आईच्या शेवटच्या महिन्यांत आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं जेवणावरून झाली. शेवटाकडे शरीरालाच अन्न नको होतं, हे पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजार बरा होणार नसेल तेव्हा त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, सिस्टरांनी समजावलं तेव्हा घर शांत झालं. घासाचा आग्रह सोडा. ओठ ओल्या कापसाने टिपत राहा, हात धरून बसा. मॉर्फिनलाही घाबरू नका. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते दुखणं कमी करतं, मरण जवळ आणत नाही.

वडिलांना बोलायचं असेल तर 'असं बोलू नका, बरे व्हाल' म्हणून गप्प करू नका, ऐकून घ्या. कागदपत्रं, कुणाला भेटायचंय, हे त्यांनाच विचारा.

कॅन्सर पुढे गेलाय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगते. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून अशाच रुग्णांसाठी आहे. टाटा मेमोरियलमध्येही पॅलिएटिव्ह विभाग आहे. उद्याच चौकशी करा. आणि आज रात्री भावाला जागायला सांगून तुम्ही झोपा.