जुनी 'जर्मन सुरांची' पेटी (हार्मोनियम) घेताना काय बघावं?

तापीकाठ
राम राम मंडळी. मुलगी सातवीत आहे, संगीताच्या प्रारंभिक परीक्षेला बसणार आहे. अमळनेरजवळच्या एका भजनी मंडळाची पेटी विकायची आहे. साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, खर्ज-नर (प्रत्येक पट्टीला एक जाड, एक मध्यम असे दोन सूर), कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टीही दबते). सूर (आवाज देणाऱ्या आतल्या पितळी जिभा) जर्मन आहेत म्हणून ते २८ हजारांच्या खाली यायला तयार नाहीत. रविवारी बघायला जायचंय, सोबत कारागीर नाही. जागेवर काय काय तपासू?

भाता_धुळे
आधी भाता, मग सूर. 'जर्मन' हा शब्द सगळ्यात शेवटी.

सगळ्या खुंट्या (सुरांकडे हवा सोडणाऱ्या, पुढे ओढायच्या) बंद करून भाता मारा. दोन-चार दाबांत हाताला टणक लागला पाहिजे. फुसफुस आली तर कान लावून जागा शोधा. बाहेरच्या भात्याच्या घडीवर असेल तर चामड्याच्या ठिगळावर भागतं. पोटातून येत असेल तर आतल्या भात्याचं काम निघालं, म्हणजे पेटी पूर्ण उघडणं आलं.

मग खुंट्या उघडा आणि पट्टीला हात न लावता भाता मारा. एखादा सूर आपोआप ओरडला तर त्या पट्टीखाली कचरा असतो, स्प्रिंग मेलेली असते किंवा पट्टी वाकलेली असते. पहिल्या दोन गोष्टी किरकोळ, वाकलेली पट्टी नाही.

आता फक्त खर्जाची खुंटी उघडी ठेवून ४२ पट्ट्या एकेक वाजवा, मग फक्त नराची. दोन्ही एकदम उघडल्या तर मेलेला सूर शेजाऱ्याच्या आवाजात लपतो, आणि विकणारा नेमकं तेच करून दाखवतो. हवा अगदी हळू सोडा. चांगला सूर लगेच बोलतो, वाईट सूर उशिरा जागा होतो. नुसता खरखरत असेल तर धूळ अडकलेली असते, ती निघते. पण एखादाच सूर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट उतरलेला असेल तर जिभेला मुळाशी तडा असू शकतो. तो सूर बदलावाच लागतो.

काळी_चार
भाऊंनी सांगितलं त्यात ट्यूनरची भर घालतो. मोबाइलवर ट्यूनर लावून मधल्या सप्तकातली पांढरी ६ (इंग्रजी A) बघा, ४४० हर्ट्झ यायला हवी. सगळी पेटी सारखीच थोडी चढी किंवा उतरी असेल तर एकटीच्या रियाजाला अडत नाही, पण तानपुऱ्याचं ॲप पेटीशी मिळवून घेतलं नाही तर रोज खटकेल. २०-२५ सेंटपेक्षा (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं) जास्त फरक असेल तर सोडा. खर्ज-नर मिळून ८४ सूर. चढवायचा तर जीभ टोकाशी घासतात, उतरवायचा तर मुळाशी, आणि प्रत्येक घासण्यात पितळ कमी होतं. आधीच दोन-तीनदा घासलेल्या पेटीत घासायला फारसं उरत नाही.

जर्मनचं म्हणाल तर मालकाला पेटी उघडून दाखवायला सांगा. जुने जर्मन सूर बऱ्याचदा मोडीत निघालेल्या पायपेटीतून (पायाने भाता मारायची पेटी) काढून दुसऱ्या पेटीत बसवलेले असतात. त्यात काही गैर नाही, सूर चांगले असले की झालं. पण मधले काही तुटले की तिथे पालिताण्याचे (गुजरातेत बनणारे) किंवा मिळतील ते बसवतात. ओळीत पितळाचा रंग, सुराच्या पितळी पट्टीची रुंदी, स्क्रूची भोकं एकसारखी आहेत का बघा. ८४ पैकी २०-२५ वेगळे दिसले तर 'जर्मन'चा भाव देऊ नका. नुसत्या ठशावर विश्वास ठेवू नका, ठसा मारायला काय लागतं!

प्रारंभिकला कपलर लागत नाही. जीर्ण कपलरमुळे पट्ट्या जड होतात, लहान बोटांना ते नको. तो काढून टाकला तर पेटी हलकी चालेल.

केळीबाग_रावेर
आपल्याकडचं एक कोणी बोललं नाही. वैशाखात लाकूड आकसतं, फळीच्या जोडात फट पडते. पावसाळ्यात तेच फुगतं आणि पट्ट्या शेजारणीला घासून खाली अडकतात. आता बघताय तर फट दिसेल, अडकणं दिसणार नाही. म्हणून पट्टी डावी-उजवीकडे हलवून बघा, शेजारच्या पट्टीपासून मोकळी हवी.

भजनी मंडळाची पेटी मंदिरातल्या कोपऱ्यात राहिलेली असते. उंदीर भात्याचं चामडं खातात, कसर पट्टीखालच्या लोकरीच्या गाद्या खाते. झाकण उघडल्यावर उंदराचा वास आला तर भो, २८ काय, १५ लाही विचार करा.

तापीकाठ
खूप उपयोगी. एकच राहिलं, अमळनेरहून जळगावपर्यंत गाडीच्या डिकीत आणली तर चालेल ना?

भाता_धुळे
डिकीत नको, उन्हाने तापून सरस सुटतो. मागच्या सीटवर सपाट ठेवा, भात्याची कडी लावा, खाली गोधडी. घरी आणल्यावर दोन दिवस तशीच राहू द्या, मग सगळ्या पट्ट्या पुन्हा एकेक वाजवा. आणि ते दोन दिवस जाईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, तसं आधीच बोलून ठेवा.