स्की टू सी रिले गाडीशिवाय करायचीये, सामान कसं न्यायचं?

पेडल_मारुती:
मंडळी, मेमोरियल डे वीकेंडच्या रविवारी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमची स्की टू सी असते त्यात यंदा आमची आठ जणांची टीम उतरतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माउंट बेकरच्या बर्फात सुरू होऊन समुद्रावर संपणारी ९० मैलांच्या वरची रिले, आधी क्रॉसकंट्री स्की, मग डाउनहिल, मग ८ मैल उतारावर पळणं, ४२ मैल रोड बाइक, नूकसॅक नदीत एव्हरसन ते फर्नडेल दोघांची कनू (वल्ह्यांची उघडी होडी), सायक्लोक्रॉस (कच्च्या रस्त्याची सायकल) आणि शेवटी समुद्रात कयाक (एकट्याची अरुंद होडी). आता डोक्यात किडा असा शिरलाय की टीमने गाडी वापरायचीच नाही, यायला नाही, जायला नाही, सामानालाही नाही. माणसं सायकलवर जातील हो, पण १८ फुटी कनू कशी न्यायची? आणि प्रत्येक टप्पा एकीकडे सुरू दुसरीकडे संपतो, म्हणजे माणूस फर्नडेलला आणि त्याची सायकल एव्हरसनला, हे कसं सोडवायचं? वेडे आहात हे घरी ऐकून झालंय, ते सोडून बोला.

वल्हेकर:
कनू वाटते तेवढी अवघड नाही. दोन चाकांची कनू कार्ट घ्यायची, बोटीच्या मध्याच्या किंचित मागे बांधायची म्हणजे थोडंसं वजन पुढे हिचवर (सायकलला कार्ट जोडायच्या कडीवर) येतं, उलटं झालं की मागचं टोक खाली दाबलं जातं आणि उतारावर सगळं शेपटीसारखं हलायला लागतं. टोकाला लाल फडकं बांधा. वळण रुंद घ्या कारण एवढी लांब बोट आतला कोपरा कापते. ब्रेकचं मात्र आधी बघा, मागून ढकलते ती. आणि गाइड मेरिडियन हायवेने जाऊ नका, हॅनेगन रोड बरा, ट्रक शेजारून गेला की त्या वाऱ्याने बोट खेचली जाते.

घाटवाली:
वल्हेकर दादांनी बोटीचं सांगितलं, मी डोंगराचं सांगते. खरी मेख तिथेच आहे, बेलिंगहॅमपासून स्की एरिया पन्नास-पंचावन्न मैल आणि शेवटचा सगळा चढ, त्यामुळे वरची मंडळी शनिवारीच निघायला हवीत. रोड बाइकवाल्याने पूर्ण वर जायचंच नाही, सिल्व्हर फर कॅम्पग्राउंडला तंबू ठोकायचा, त्याचा हँडऑफ (पळणाऱ्याकडून पाळी घ्यायची जागा) त्याच बाजूला असतो (कॅम्पग्राउंड उघडलंय का ते आधी बघा). क्रॉसकंट्रीवाला आणि पळणारा एका टँडमवर (दोघांनी चालवायच्या सायकलवर) वर जाऊ देत, मागे ट्रेलरला स्की. स्कीवाल्याचं काम सकाळीच संपतं, मग तो रिकामी सीट घेऊन टँडम खाली आणतो आणि पळून दमलेल्याला उचलतो. डाउनहिलवाल्याची स्वतंत्र सायकल. फक्त रेस चालू असताना त्या रस्त्यावर इतर सायकलींना कधी सोडतात ते आयोजकांना ईमेल करून विचारा, नाहीतर सगळा प्लॅन तिथेच अडकेल.

पेडल_मारुती:
टँडमची आयडिया भारी आहे ताई, हे सुचलंच नव्हतं! पण मधला गुंता तसाच आहे, कनूवाले दोघं सायकलने बोट ओढत एव्हरसनला गेले, मग त्या सायकली आणि कार्ट तिथेच राहणार ना?

वल्हेकर:
राहतील कशाला, तुमचा रोड बाइकवाला एव्हरसनलाच संपवतो ना, त्याला लावा कामाला. फक्त कार्ट अशी हवी की तिच्यावर सायकल आडवी बांधता येईल. कनूवाल्यांपैकी एकाच्या सायकलला हिच आहेच, ती रोड बाइकवाल्याने चालवायची आणि कनूवाल्यांची दुसरी सायकल अन स्वतःची रेसची सायकल कार्टवर. फर्नडेल तिथून पंधराएक मैल, नदीत कनूला दोनेक तास तरी जातातच, आरामात आधी पोचेल. ४२ मैल मारून आलेला माणूस शिव्या घालेल ते वेगळं.

कयाकचं तर सगळ्यात सोपं, बेलिंगहॅमच्याच फेअरहेवन भागातून शनिवारी वल्हवतच स्टार्टला न्या, कयाकवाल्याची सायकल फेअरहेवनलाच ठेवा कारण फिनिश तिथेच आहे. रात्री बोट ठेवायची सोय होते का तेवढं विचारून घ्या.

शंकासुर:
मला एक कळत नाही, आयोजकांच्या गाड्या, व्हॅन, रेस्क्यू बोटी सगळं फिरणारच आहे, तुमच्या दोन गाड्या कमी झाल्याने काय फरक पडतो? वर रेसच्या आधीच पाय संपवून घेणार.

घाटवाली:
दोनच गाड्या? शेकडो टीम्स असतात आणि एकेका टीमचं सामान सात ठिकाणी टाकायचं असतं, त्या वीकेंडला माउंट बेकर हायवेवर उभं राहून बघा एकदा. पायांचं खरंय पण, वरच्या लोकांनी वेळेची आशा सोडायची. पळणाऱ्याला टँडमवर मागे बसवा आणि कमी पेडल मारायला सांगा.

जुनापुराणा:
अवांतर आहे पण सांगतोच. या रेसचा पूर्वज म्हणजे १९११ ची माउंट बेकर मॅरेथॉन, तीत शर्यतच मुळी गाडी विरुद्ध ट्रेन अशी होती. बेलिंगहॅमहून पायथ्यापर्यंत मोटार किंवा रेल्वे यातलं एक निवडायचं, पुढे शिखरापर्यंत पायी आणि तसंच परत. हॅगर्ड नावाचा गडी ट्रेनने परतत होता, पुढेही होता, तर वाटेत ट्रेन बैलाला धडकून रुळावरून उतरली आणि मोटारवाला गॅलब्रेथ जिंकला. १९१३ ला एक जण हिमभेगेत पडला आणि ती शर्यत बंद झाली, आताची स्की टू सी १९७३ पासूनची. तेव्हा मारुतीराव, हॅगर्डचा बदला घ्या 😄

पेडल_मारुती:
हाहा, बैलाचा किस्सा टीमच्या ग्रुपवर टाकला. आम्ही सिअ‍ॅटलहून अ‍ॅमट्रॅक कॅस्केड्स ट्रेननेच येतोय, स्टेशन फेअरहेवनलाच आहे, फिनिशपासून चालत. सायकलींची जागा आधी बुक करावी लागते ते बघतो, पण टँडम त्या रॅकवर बसेल असं वाटत नाही, बेलिंगहॅममध्ये कोणाकडे उसनी मिळेल का?

वल्हेकर:
टँडमचं विचारतो एका मित्राला. मापं पाठव, पुढे बसणारा किती उंच आहे?