विश्वास एकट्याने टिकतो, की मंडळीत?

अबोली
'मी येशूला मानतो, पण चर्चला जायची गरज वाटत नाही' असं म्हणणारे बरेच भेटतात. मला हे पटत नाही. प्रार्थनेला शब्दच फुटत नाहीत, अशा दिवसांत मंडळी, म्हणजे चर्चमधल्या विश्वासणाऱ्यांचा समाज, लागते. आपण गप्प बसलो तरी शेजारचे 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणत असतात, आणि आपण त्यांच्या आधाराने उभे राहतो. योहानाच्या शुभवर्तमानातल्या २० व्या अध्यायातला येशूचा शिष्य थोमा बघा. येशू मरणातून उठल्यावर बाकीच्या शिष्यांनी 'आम्ही प्रभूला पाहिलं' म्हणून सांगितलं, त्याने साफ नाकारलं. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता. त्यांनी त्याला काढलं नाही आणि तोही उठून गेला नाही. येशू आला तेव्हा थोमा तिथे हजर होता, तो यामुळेच.

तिरकीट
हा दाखला तुमच्यावरच उलटतो. सगळे शिष्य एकमुखाने सांगत होते, तरी थोमाला पटलं नाही. पटलं ते प्रभू स्वतः समोर उभा राहिल्यावर. मग मंडळीने नेमकं काय केलं?
दुसरं म्हणजे, गट माणसाला घट्ट धरतो हे खरं, पण कशाला धरून ठेवतो ते कोण बघणार? जुलै १९३३ मध्ये जर्मनीत प्रोटेस्टंट चर्चच्या निवडणुका झाल्या, त्यात हिटलरधार्जिण्या 'जर्मन ख्रिस्ती' गटाला बहुमत मिळालं. ही माणसंसुद्धा चर्चची सभासदच होती.

शुभवर्तमान_वाचक
बायबल, इब्री १०:२५. एकत्र मिळणे सोडू नये. विषय संपला.

अबोली
संपला कसा? आधीचं, २४ वं वचनही वाचा. प्रीती आणि सत्कर्मे यांसाठी एकमेकांना उत्तेजन द्या, असं तिथे आहे. नुसती हजेरी लावून ते होत नाही.
तिरकीट, त्या जर्मन गटाला उघड विरोध झाला तो मे १९३४ मध्ये, बार्मेनच्या सभेत. तीही विश्वासणाऱ्यांची सभाच होती की! लुथरन, रिफॉर्म्ड असे वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र बसले आणि एक जाहीरनामा काढला. त्यातल्या एकेकट्या पाळकाचा आवाज किती लांब गेला असता?

जुनीवही
जपान राहिलं. १६१४ मध्ये तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पुढे एकही धर्मगुरू उरला नाही, चर्चची इमारत नाही, प्रभुभोजन नाही. तरी १८६५ मध्ये नागासाकीला परदेशी लोकांसाठी नवं चर्च उभं राहिलं, तेव्हा उराकामीचे गावकरी तिथल्या फ्रेंच धर्मगुरूकडे आले आणि 'आमचं मन तुमच्यासारखंच आहे' असं हळूच सांगितलं. अडीचशे वर्षं हे टिकलं कसं? गटातली कामं वाटून दिलेली होती. सणवारांचा हिशेब एकाकडे, बाप्तिस्मा देणं दुसऱ्याकडे. बापाकडून मुलाकडे. एकेकट्याने मनात जपलेला विश्वास दोन पिढ्यांतच विरला असता.

तिरकीट
गोष्ट अर्धीच सांगितलीत. १८७३ मध्ये बंदी सैल झाल्यावरही त्यातले बरेच जण चर्चमध्ये परतले नाहीत. वाडवडिलांच्या रीतीच त्यांना खऱ्या वाटत होत्या. त्या प्रार्थनांमधले लॅटिन-पोर्तुगीज शब्द झिजून झिजून म्हणणाऱ्यालाही कळेनासे झाले होते. समाज टिकला हे मी मान्य करतो. विश्वास टिकला का, हा माझा प्रश्न आहे.

जुनीवही
परतणारेही हजारोंनी होते, तेही मोजा. बाकी प्रश्न रास्त आहे.

रानजाई
तुम्ही सगळे इतिहासात रमलात. मी वर्तमानातलं सांगते. आमच्या अभ्यासगटात मी एक शंका बोलून दाखवली. पुढच्या रविवारी 'आपल्या बहिणीचा विश्वास डळमळतोय, प्रार्थना करा' असं सगळ्यांसमोर जाहीर झालं. त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. वर्षभर नेमाने जात होते आणि आतून कोरडी होत होते. अशा जागी विश्वास कसा वाढणार?

अबोली
रानजाई, हे वाईट झालं, आणि प्रार्थनेच्या नावाखाली चुगली चालते हे मीही पाहिलंय. याकोब ५:१६ मध्ये पापं 'एकमेकांजवळ' कबूल करा असं आहे, मंडळीत पुकारा करा असं नाही. म्हणूनच मला मोठ्या सभेपेक्षा लहान गट मोलाचा वाटतो. इंग्लंडातल्या जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाच्या मेथडिस्ट चळवळीत १७४२ च्या सुमारास डझनभर माणसांचे वर्ग सुरू झाले. मूळ हेतू अगदी व्यवहारी होता : ब्रिस्टलच्या इमारतीचं कर्ज फेडायला दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करणं. पैसे मागायला घरोघर गेल्यावर कोण कसं जगतंय ते दिसू लागलं, आणि वसुलीची विचारपूस झाली. 'तुझं कसं चाललंय?' असं दर आठवड्याला नावानिशी विचारणारा माणूस असला, तर पाय घसरण्याआधीच कळतं.

तिरकीट
किंवा माणूस खोटं बोलायला शिकतो. दर आठवड्याला 'बरं चाललंय' म्हणायला.

रानजाई
दोन्ही होतं. मी आता तिथे जात नाही, पण त्या गटातल्या दोघींना अजून भेटते. वाचतो, प्रार्थना करतो, भांडतोही. याला मंडळी म्हणायचं का?

शुभवर्तमान_वाचक
मत्तय १८:२०. दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले, तिथे मी आहे.

तिरकीट
त्याच अध्यायाचं १५ वं वचनही घ्या. भावाचा अपराध आधी त्याला एकट्याला गाठून सांगा. रानजाईंच्या गटाने आधी हे पाळलं असतं, तर मी आज इतका वाद घातलाच नसता.