ताण येते की ताण येतो? अशा फिटला मराठीत काय म्हणायचं?

मांजलपूरची मीनल
भाचीला, वय २२, चार वर्षं फिट येत होत्या. एपिलेप्सीच्या गोळ्या चालू, दोनदा डोस वाढवला, फरक शून्य. मागच्या महिन्यात व्हिडिओ ईईजी केला, डोक्याला वायरी चिकटवून दोन दिवस कॅमेऱ्यासमोर, त्यातच तिला एक फिट आली आणि मेंदूच्या लाटा मात्र जाग्या माणसाच्या असतात तशाच. डॉक्टर म्हणाले ही एपिलेप्सी नाही, डिसोसिएटिव्ह सीझर आहे, म्हणजे मेंदूतल्या विजेमुळे न येणारी फिट. आता हे कोल्हापूरला तिच्या आजीला मराठीत चार ओळीत लिहून कळवायचंय. मी लिहिलं 'मानसिक फिट', तर वहिनी रडायलाच लागली, माझ्या पोरीला वेडी ठरवलंत म्हणे. दादा म्हणतो 'खोटी फिट' लिही, ते मला पटत नाही. त्यात वहिनी इथलीच, बडोद्याची, गुजराती मीडियमची, ती फोनवर सांगते "तिला ताण येते" आणि तिकडून आजी विचारते "एवढ्याशा पोरीला कसला ताण येतो गं?" चार वर्षं दोघी एकमेकींशी हेच बोलतायत. शब्द सुचवा.

जुना बडोदेकर
मीनलताई, गुजरातीत ताण स्त्रीलिंगी, अंग ताणलं जातं ती ताण. खेंच म्हणतात तेच हे, मराठीतल्या खेचणेचाच भाऊ. मराठीत ताण पुल्लिंगी आणि तो मनावर येतो. आमच्या दांडिया बाजारात लहानपणी दोन्ही चालायचं, 'ताण येते' म्हटलं की फिट आणि 'ताण येतो' म्हटलं की काळजी, कुणाचा गोंधळ व्हायचा नाही.

वैद्यकन्या
अपस्मार हा आपला शब्द असताना खेंच आणि फिट कशाला? चरकसंहितेत निदानस्थानात सातवा अध्याय उन्मादाचा, आठवा अपस्माराचा, म्हणजे दोन्ही वेगळे हे तेव्हाही माहीत होतं. अप अधिक स्मार, स्मृती जाते तो अपस्मार. नटराजाच्या पायाखाली जो आडवा पडलेला असतो तो अपस्मारपुरुषच. तुम्ही 'मनोजन्य अपस्मार' लिहा.

ईईजीवाला
ताई, नेमका तोच शब्द इथे चुकतो. मी १४ वर्षं या वायरी लावतोय. डॉक्टरांनी सांगितलं अपस्मार नाही आणि आपण नाव ठेवायचं मनोजन्य अपस्मार, मग आजी परत त्याच गोळ्यांचं विचारणार. आणि यातल्या काही जणांना फिट चालू असताना आजूबाजूचं बोलणं ऐकू येत असतं, नंतर आठवतंही, म्हणजे स्मृती गेली असंही दर वेळी नाही.

मांजलपूरची मीनल
हो! तिला आठवतं. आई ओरडत होती, कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला, सगळं सांगते. त्यामुळेच तर दादा खोटी म्हणतो.

ईईजीवाला
दादांना सांगा खोटी नाही. ती मुद्दाम करत नाही, तिच्या हातात नसतं ते. पूर्वी डॉक्टरही स्यूडोसीझर म्हणायचे, स्यूडो म्हणजे खोटं, पेशंटला लागतं म्हणून तो शब्द मागे पडला. आता डिसोसिएटिव्ह किंवा फंक्शनल म्हणतात. एक विचारू, फिटमध्ये डोळे उघडे असतात की मिटलेले?

मांजलपूरची मीनल
घट्ट मिटलेले. मी उघडायला गेले तर अजून आवळून घेतले. मान डावी उजवी डावी उजवी, 'नको नको' म्हणतो ना तशी, मध्येच थांबायची आणि परत चालू. किचनच्या लादीवर १२ मिनिटं. पापण्यांखालून पाणी येत होतं.

ईईजीवाला
एपिलेप्सीच्या मोठ्या फिटमध्ये बहुधा डोळे उघडे राहतात, अंग आधी कडक होतं मग ठरावीक ठेक्यात झटके, दोनेक मिनिटांत संपतं, नंतर माणूस घोरल्यासारखा श्वास घेतो आणि बराच वेळ भांबावलेला असतो. जीभ कडेला चावली जाते. अर्थात यातल्या एकाच खुणेवर काही ठरत नाही. साधा ईईजी तर एपिलेप्सीवाल्याचाही दोन फिटच्या मधे नॉर्मल येऊ शकतो. म्हणून फिट चालू असतानाचा व्हिडिओ आणि लाटा एकत्र बघायच्या. घरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओही डॉक्टरांना फार उपयोगी पडतो, लोक संकोचाने काढत नाहीत. आणि काही जणांना दोन्ही प्रकार असतात, तेव्हा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर कमी करतील तशाच.

कमाटीबाग
आमच्या मावशीला असंच व्हायचं, तेव्हा सगळे हिस्टेरिया म्हणायचे, आणि लग्न करून द्या म्हणजे थांबेल. लग्न झालं, थांबलं नाही, नवऱ्याने मात्र आणून सोडली. या शब्दाचा मला आजही राग येतो. ग्रीकमध्ये हिस्टेरा म्हणजे गर्भाशय. पॅरिसच्या साल्पेट्रिएर हॉस्पिटलात शार्को नावाच्या डॉक्टरांनी पुरुषांमध्येही हा आजार दाखवला तरी तो शब्द बायकांच्याच माथी राहिला.

जुना बडोदेकर
माझ्या आजोळी 'अंगात येतं' म्हणायचे.

कमाटीबाग
काका, ते वेगळं. अंगात येतं त्याला मान असतो, ओटी भरतात. मावशीला मिरचीची धुरी दिली होती.

वैद्यकन्या
कमाटीबाग, वाचून वाईट वाटलं. पण चुकीचं वागले ते माणसं, शब्दावर का राग? परिभाषा हवीच. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू काढवला, एकेका कारभारी शब्दाला अनेक भाषांतले प्रतिशब्द. आणि आपण आज फिटवर अडलो. फंक्शनलला 'कार्यात्मक आकडी' म्हणा.

जुना बडोदेकर
कार्यात्मक नको, आमच्या घरी कार्य म्हणजे लग्न नाहीतर मुंज, आजी तारीख विचारतील. पण आकडी आवडलं मला! अंग आकड्यासारखं वाकतं ती आकडी. तापात लहान मुलांना येते तीही आकडीच. का येते ते शब्दात कुठेच नाही, फक्त शरीराचं काय होतं तेवढंच. कुणाचा अपमान नाही.

वैद्यकन्या
आकडी आकड्यावरूनच असं नाही काका, अकडणे म्हणजे ताठ होणे त्यावरूनही असू शकेल. आणि फेफरे फेसावरून असेल.

जुना बडोदेकर
फेसावरून असतं तर फेसरे झालं असतं. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात फेंफरें आहे, अनुस्वारासकट. तोंडाने फें फें होतं त्यावरून असणार.

उत्तरा
मध्येच बोलते, मग 'ताणाची आकडी' चालेल का? कारण पण आलं.

कमाटीबाग
गुजराती वाचणाऱ्याला ते 'फिटची फिट' वाटेल 🙂 शिवाय प्रत्येकीला ताण असतोच असं नाही, असला तरी तिला स्वतःला दिसतोच असंही नाही. कसला ताण कसला ताण म्हणून सगळे मागे लागतात, माझ्या मावशीच्या लागले होते.

उत्तरा
बरं मग गुजरातीतलं आंचकी?

वैद्यकन्या
मराठीत आचके माणूस शेवटचे देतो. कृपा करून आजीला हे लिहू नका.

मांजलपूरची मीनल
थांबू शकले नाही, आजीचाच फोन आला म्हणून वाचून दाखवलं. लिहिलं होतं ते असं: "तिला आकडी येते ती खरी आहे, पण मेंदूतल्या विजेमुळे नाही. अंग तिच्या ताब्यातून सुटतं. त्यावर गोळी नाही, बोलून करायचे उपचार आहेत, ते सुरू केलेत." आजी जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे दातखीळ बसते तसं का? माझ्या नणंदेला बसायची, पळी घालून तोंड उघडायचो आम्ही."

ईईजीवाला
मीनलताई, आजींना आजच सांगा, फिट कुठलीही असो, तोंडात पळी चमचा काही घालायचं नाही, दात तुटतात, गुदमरायला होतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला, आणि घड्याळ बघायचं.

मांजलपूरची मीनल
सांगते लगेच.

जुना बडोदेकर
दातखीळ सुंदर शब्द आहे हो, विसरलोच होतो. पण आमची आई 'दातखिळी बसली' म्हणायची. कोल्हापूरकडे खीळच म्हणतात का?

वैद्यकन्या
दोन्ही आहे काका. खीळ म्हणजे कीलक, त्यावरून. बैलगाडीच्या चाकाची असते तीच.