मदत हवी आहे: ३०० विन मॅगचा धक्का आणि आवाज दोन्ही सहन होत नाहीत

घाटवाट
नमस्कार मंडळी. यंदा एल्कचा (मोठं हरीण) टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, मिळालाय. त्यासाठी ३०० विंचेस्टर मॅग्नम (३०० विन मॅग) ही मोठ्या काडतुसाची रायफल घेतली. रेंजवर दोन त्रास होतायत. एक म्हणजे धक्का. थोडे बार झाले की खांदा ठणकायला लागतो आणि नेम जातो. शंभर यार्डांवर पहिल्या गोळ्या दीड इंचाच्या आत बसतात, नंतरच्या सहा-सात इंच पसरतात. दुसरा त्रास आवाजाचा. कान झाकूनही संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजत राहते. सीझन तोंडावर आलाय. रायफल बदला असं कृपया सांगू नका, हीच ठेवायची आहे. धक्का आणि आवाज कमी करायला नेमकं काय करायचं तेवढं सांगा.

निसर्गमित्र_नगर
भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे. तुम्ही कुठे आहात ते लिहिलेलं नाही. अशा विषयाला इथे जागा असावी का, याचा संपादकांनी विचार करावा.

घाटवाट
अमेरिकेत, कोलोरॅडोत. एल्क भारतात नसतोच. परवाना, हंटर एज्युकेशन सगळं रीतसर झालंय. कृपया मूळ प्रश्नावर या.

मिसुरीकाठ
मी मोंटानात. एल्कमागे बरीच वर्षं फिरतोय. सांगतो, पण आधी माहिती द्या. स्कोपसकट (वरची दुर्बीण) वजन किती? गोळी किती ग्रेन वजनाची? नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू वळवून धक्का कमी करणारा तुकडा) आहे का? बेंचवर बसून मारता की उभं राहून? कान कशानं झाकता?

साडेसहा_एमएम
रायफल बदला असं सांगू नका म्हणालात तरी सांगतो, कारण हेच खरं उत्तर आहे. साडेसात पौंडांच्या रायफलीत १८० ग्रेनच्या ३०० विन मॅगचा धक्का साधारण २८ फूट-पौंड (ऊर्जेचं माप) भरतो. तेवढ्याच वजनात लहान काडतुसांपैकी ३०-०६ चा २१, ३०८ चा १५ आणि ६.५ क्रीडमूरचा १२ च्या आसपास. तुमच्या कोलोरॅडोत एल्कसाठी गोळीचा मुख्य नियम असा, की गोळीचा व्यास किमान ६ मिमी हवा, वजन किमान ८५ ग्रेन हवं आणि शंभर यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा हवी. क्रीडमूर यात आरामात बसते. मॅग्नम घेऊन दचकत मारलेल्या गोळीपेक्षा लहान काडतुसाची फुफ्फुसात बसलेली गोळी जनावराला लवकर आणि कमी त्रासात पाडते.

मिसुरीकाठ
@साडेसहा_एमएम, शेवटच्या वाक्याला पूर्ण सहमत. पण त्यांनी रायफल बदलायची नाही असं स्पष्ट लिहिलंय. वाऱ्यात, तीनशे यार्डांपलीकडे, तिरक्या उभ्या असलेल्या नरावर १८० ग्रेनची गोळी जे काम करते ते १४० ग्रेनची करत नाही. मी दोन्ही वापरल्यात.

साडेसहा_एमएम
तीनशे यार्डांपलीकडे नवख्या माणसानं चाप ओढूच नये.

बाबूकाका_कुडाळ
आमच्याकडे आजोबांच्या नावावर शेतसंरक्षणाचा परवाना होता. ठासणीची बंदूक. भातात रानडुकरं उतरली की रात्री माळ्यावर बसायचे. दारू अंमळ जास्त पडली तर असा दणका बसायचा की माणूस माळ्यावरनं मागे जायचा. आजोबा सांगायचे, दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट रोवायचा. मधे फट राहिली तर तो खांद्यावर येऊन आदळतो, चिकटून असेल तर नुसता ढकलतो. घोंगडीची घडी खांद्यावर घ्यायचे ते वेगळंच. तुमची बंदूक मोठी असेल, पण खांदा माणसाचाच आहे.

माजगावकर_श्री
बाबूकाका, कुडाळला अजून मिळतात का हो असे परवाने? आमच्या काजूत माकडं आणि डुक्कर दोघांनी उच्छाद मांडलाय.

बाबूकाका_कुडाळ
मिळणं फार कठीण झालंय. जुने वारसांच्या नावावर करायलासुद्धा फेऱ्या माराव्या लागतात. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

घाटवाट
रायफल साडेसहा पौंड, कार्बन फायबरचा दस्ता. स्कोप वेगळा. गोळी १८० ग्रेन. बेंचवरूनच मारतो, दुसरीकडून कसं मारणार? कानात फोमचे प्लग. बाकी उत्तर कुणी देणार आहे का?

मिसुरीकाठ
बाबूकाकांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. फरक एवढाच की काळी दारू सावकाश ढकलते आणि मॅग्नम झटक्यात मारते. म्हणून फट असेल तर मॅग्नम जास्त लागते.

घाटवाट, तुम्ही ब्रेकचं उत्तर दिलं नाहीत. तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

शांत_बार
यांना सप्रेसर (नळीच्या टोकाचा आवाज दाबणारा नळा) बसवायला सांगा आणि धागा बंद करा. कोलोरॅडोत बाळगता येतो आणि शिकारीतही चालतो. १९३४ च्या कायद्यानं लागणारा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय. आवाज वीस-तीस डेसिबलनं उतरतो आणि धक्काही कमी होतो, कारण वायू आतच अडतो आणि नळीच्या टोकाला वजन येतं. एकाच वस्तूत दोन्ही कामं.

बे_एरियावाला
कर शून्य झाला म्हणून सगळ्यांनी आनंद मानू नये. आमच्या कॅलिफोर्नियात सप्रेसर ठेवताच येत नाही. न्यूयॉर्क, न्यूजर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स इथेही तेच. आणि नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो, मंजुरी हे सगळं अजून आहेच. त्यामुळे सीझन तोंडावर असलेल्या माणसाला हा सल्ला किती उपयोगी?

दुसरं, जे एच-१बी वर आहेत त्यांनी नीट वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्यानं बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते. मुदत संपली की सूटही संपते. मित्राची रायफल रेंजवर 'जरा धरून बघतो' म्हणणाऱ्यांनाही हे लागू आहे.

घाटवाट
माझं ग्रीन कार्ड आहे, तो प्रश्न नाही. ब्रेक आहे, कंपनीनंच बसवून दिलाय, त्यात काय सांगायचं? रेंज गावाबाहेर आहे, वर पत्र्याचं छप्पर, दोन बेंचच्या मधे लाकडी फळ्या.

मिसुरीकाठ
हेच तर विचारत होतो! ब्रेक नळीतून सुटणारा वायू बाजूला आणि मागे वळवतो. त्यामुळे धक्का तिसऱ्या हिश्श्यानं, कधी निम्म्यानंही उतरतो. पण तोच वायू आवाज घेऊन तुमच्या तोंडाकडे येतो. वर पत्रा, बाजूला फळ्या. उघड्या रानात जो आवाज पसरून जातो तो तिथे तुमच्यावर परत येतो.

ब्रेकसकट तुमचा धक्का साधारण ३०८ काडतुसाच्या रायफलीइतका असणार. त्यानं नेम सहा इंच सुटत नाही. तुम्ही दचकताय ते तोंडावर येणाऱ्या स्फोटाला, आणि दोष खांद्याच्या माथी जातोय. एक करून बघा. मित्राला काडतुसं भरायला सांगा आणि त्यात तुम्हाला न कळता एखादं डमी (बिनदारूचं खोटं काडतूस) टाकायला सांगा. डमीवर चाप ओढल्यावर नळी खाली डुचमळली तर दचकणं पक्कं झालं.

शमा_ऑडि
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ह्यूस्टनमध्ये. घाटवाट, संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजते हे तुम्ही सहज लिहिलंत, मला ते सहज वाटत नाही. अचानक होणाऱ्या आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात. मॅग्नम रायफलचा बार १६० च्या वर असतो, ब्रेक असेल तर मारणाऱ्याच्या कानाशी आणखी जास्त. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. शिट्टी थांबते तेव्हा इजा बरी झाली असं लोक समजतात. तसं नसतं.

फोमचे प्लग चांगले असतात, पण बहुतेक लोक ते अर्धेच घालतात. प्लग बोटांत वळून सुतासारखा बारीक करा, विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवा. मग दोन्ही तळवे कानांवर दाबून पाहा. आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग बसलाय. फरक पडला तर परत घाला.

ब्रेकच्या रायफलीला प्लगवर मफ (कानांवर बसणारे कप) हवेतच. दोन्ही किती डेसिबल आवाज कापतात ते आकडे बेरजेत धरू नका. ३३ च्या प्लगवर २२ चे मफ घातले तर ५५ होत नाहीत, जास्त असलेल्या आकड्याला साधारण पाचची भर पडते. पण ती पाचची भर फार मोलाची आहे. चष्म्याच्या काडीनं मफची कड उचलली जाते, तेही बघा. आणि एखाद्या वेळी शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली किंवा एका कानानं कमी ऐकू आलं, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी ईएनटीकडे जा.

घाटवाट
शमाताई, खूप आभार. मफ आहेत माझ्याकडे, पण दस्त्याला गाल टेकवला की उजवा मफ वर सरकतो, म्हणून काढून ठेवले होते.

शमा_ऑडि
मग पातळ कपाचे मफ घ्या, नेमबाजीसाठी खालच्या बाजूला खाच असलेले मिळतात. इलेक्ट्रॉनिक असतील तर रानात बोलणं, पाचोळ्याचा आवाज ऐकू येतो आणि बाराच्या वेळी ते आवाज कापतात. रानात मफ न लावणारे लोक 'एकच तर बार आहे' म्हणतात. तो एकच पुरेसा असतो.

शांत_बार
ताई, सप्रेसरवर प्लगची गरज उरत नाही ना?

शमा_ऑडि
उरते. १६५ मधून २५ गेले तरी १४० राहतात, म्हणजे रेषेवरच. शिवाय गोळी ध्वनीच्या वेगापुढे जाते, तिचा कडाका सप्रेसर थांबवत नाही.

मिसुरीकाठ
आणि ब्रेकबद्दल अजून एक. आमच्याकडे कित्येक गाइड ब्रेकवाली रायफल चालवून घेत नाहीत, कारण ते तुमच्या बाजूला पालथे पडलेले असतात. सोबतीला कुणी असेल तर बार काढायच्या आधी त्याचे कान झाकलेत का ते बघायची जबाबदारी चाप ओढणाऱ्याची.

साडेसहा_एमएम
म्हणजे ब्रेक काढला तर धक्का २८, ठेवला तर कान गेले, सप्रेसर वेळेत मिळणार नाही. मी काय म्हणत होतो?

नेमबाज_बालेवाडी
धागा आत्ता पाहिला. मी पुण्यात बालेवाडीला रायफल शिकवते. आमच्या ५० मीटरच्या .२२ ला (लहान काडतुसाची रायफल) धक्का नसतोच म्हणा, त्यामुळे मॅग्नमवर बोलायचा मला अधिकार नाही. पण दचकणं आम्हीही घालवतो, कारण मुलं चाप 'मारतात'. उपाय एकच, रिकाम्या रायफलीवर रोज थोडा वेळ चाप दाबायचा, डोळे क्रॉसहेअरवर, म्हणजे नेमाच्या काट्यावर ठेवून. चाप सुटला त्या क्षणी काटा कुठे होता हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर डोळे मिटले होते. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य मिळवलं, त्या प्रकारात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून असं तिन्ही स्थितींत मारावं लागतं. तुम्ही फक्त बेंचवर मारताय. एल्क बेंचसमोर येणार आहे का?

मिसुरीकाठ
ताई, अधिकार पुरेपूर आहे. मी हेच लिहायला बसलो होतो. बेंच बुटका असेल तर माणूस पुढे वाकतो, दस्ता कॉलरबोनवर येतो आणि सगळा धक्का हाडात जातो. ब्रेक असूनही खांदा ठणकतो त्याचं कारण मला हेच दिसतंय. उभं किंवा मांडी घालून बसल्यावर शरीर मागे झुलतं, तोच धक्का निम्मा वाटतो.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. पत्र्याखालची रेंज सोडून उघडी शोधली असती. बेंचची उंची छाती सरळ राहील एवढी करून फक्त झिरोपुरते (स्कोपचा नेम जुळवण्यापुरते) बार काढले असते, बाकी सगळा सराव .२२ वर, मांडी घालून, शूटिंग स्टिकवर (रायफल टेकवायच्या काठ्या). दस्त्याला चांगला जाड रबरी पॅड लावला असता, पण त्यानं दस्ता लांब होतो, तेव्हा हिवाळी जाकीट घालून माप घ्या. दस्त्यात वजन भरून एक पौंड वाढवलंत तर २८ चे २५ होतात. चढावर ते वजन जाणवतं, पण माझ्या मते वसूल होतं. लेड स्लेडवर (वजन ठेवून रायफल धरणारी चौकट) रायफल घट्ट बांधून मारू नका. मागे सरकायला जागा नसली की मार दस्त्यावर आणि स्कोपच्या माउंटवर बसतो.

साडेसहा_एमएम
लेड स्लेड मी वर्षानुवर्षं वापरतोय, काही झालेलं नाही.

मिसुरीकाठ
लाकडी दस्ते तडकलेले मी स्वतः पाहिलेत. वजनाच्या पिशव्या कमी ठेवून वापरत असाल तर गोष्ट वेगळी.

निसर्गमित्र_नगर
माझा शिकारीला विरोध कायम आहे. पण त्या जनावराला जखमी होऊन पळावं लागू नये याची इथे एवढी काळजी चाललीय, हे वाचून बरं वाटलं.

घाटवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. उघडी रेंज मिळालीय, पातळ मफ मागवले. सप्रेसरचा अर्ज टाकतोय, यंदा नाही तर पुढच्या वर्षी. आता एकच सांगा, ब्रेक ठेवून झिरो केली आणि रानात ब्रेक काढला तर चालेल का? आणि हो, काल भुवईला स्कोपची कड लागली, रक्त आलं. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

मिसुरीकाठ
ब्रेक काढला की गोळी दुसरीकडे पडू शकते. ज्या अवस्थेत मारणार त्याच अवस्थेत झिरो करा, ब्रेकच्या जागी नळीच्या आट्यांवर टोपी लावणार असाल तर टोपी लावून.

भुवईचा संबंध आहेच! मॅग्नमला डोळा आणि स्कोप यांत साडेतीन-चार इंच अंतर हवं. चढावर वर नेम धरताना ते आणखी घटतं. बऱ्याच स्कोपमध्ये मॅग्निफिकेशन वाढवलं की अंतर कमी होतं, त्यामुळे माणूस नकळत पुढे सरकतो. कोणता स्कोप आहे, कितीवर ठेवला होता आणि स्कोप धरणाऱ्या रिंगा किती पुढे बसवल्यात? जमलं तर बाजूनं काढलेला फोटो टाका, गाल दस्त्यावर ठेवलेला.