मदत हवी आहे: १९८२ ची ९११ एससी थंडीत पेटते आणि लगेच मरते

मंडळी,

श्टुटगार्टजवळ राहतो. तीन वर्षांपूर्वी १९८२ ची पोर्शे ९११ एससी घेतली: तीन लिटर, सहा सिलिंडर, बॉशचं के-जेट्रॉनिक (यांत्रिक, सतत पेट्रोल फवारणारं) इंजेक्शन. उन्हाळ्यात काही तक्रार नाही. ऑक्टोबर लागला की बाईसाहेब रुसतात.

काल सकाळी गॅरेजमध्ये ४ अंश. किल्ली फिरवली, इंजिन पेटलं, चारेक सेकंद गुरगुरलं आणि मेलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एअरबॉक्समधून 'फट्' आवाज आला आणि माझ्याच छातीत धस्स झालं. इंजिनाकडे हवा नेणारा हा प्लास्टिकचा डबा बॅकफायरने (हवेच्या वाटेत पेट्रोल भडकल्याने) तडकतो. नशिबाने आधीच्या मालकाने पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (तो दाब बाहेर सोडणारी झडप) बसवून ठेवलाय. हँडब्रेकशेजारचा हँड थ्रॉटल (हाताने रेस वाढवायचा दांडा) ओढून धरला तर कशीबशी चालू राहते. पाच मिनिटांनी तापली की एकदम शहाणी. गरम असताना बंद करून परत लावली तर हात लावताच चालू, त्यामुळे गाडी बंद असताना पेट्रोलचा दाब टिकवणारे पंपाचा चेक व्हॉल्व्ह आणि अ‍ॅक्युम्युलेटर मी संशयातून बाजूला ठेवलेत.

बॅटरी नवी. प्लग, डिस्ट्रिब्युटर कॅप ठीक. थंडीत जादा पेट्रोल फवारणारा कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह काढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत धरला (बायकोला अजून सांगितलेलं नाही). स्टार्टर फिरताना छान फवारा, थांबल्यावर थेंबही नाही. सिस्टिम प्रेशर ४.८ बार. पण थंड इंजिनला कंट्रोल प्रेशर २.८! एवढ्या थंडीत दीडच्या आत हवं ना? हे प्रेशर पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या प्लंजरला (दट्ट्याला) वरून दाबतं. ते जास्त म्हणजे पेट्रोल कमी, मिक्श्चर लीन.

गेल्या वर्षी एका वर्कशॉपने लक्षणं ऐकूनच मिक्श्चरचा स्क्रू पिळून दिला. सकाळी थोडी बरी, पण तापल्यावर काळा धूर. बिल भरलं आणि स्क्रू परत जागेवर आणून घेतला.

आता वॉर्म-अप रेग्युलेटर (कंट्रोल प्रेशर ठरवणारा) गेला म्हणायचा, की ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह (थंड इंजिनला जादा हवा देणारा)? थ्रॉटल ओढल्यावर चालते, म्हणून दुसऱ्यावरही संशय येतो.

प्रतिसाद:
दादा, आधी एक सांगा, मोजताना रेग्युलेटरचा विजेचा प्लग काढला होता का? आत बायमेटलच्या (तापली की वाकणाऱ्या) पट्टीला हीटर असतो. रिले जंपर करून (तारेने थेट जोडून) पंप चालवला की त्यालाही वीज जाते, पट्टी तापते आणि आकडा चढत जातो. गाडी रात्रभर उभी, प्लग काढलेला, आणि पंप लावल्याबरोबर दिसेल तो पहिला आकडा धरायचा. एअर व्हॉल्व्हचं सोपं आहे. इंजिन थंड असताना त्याची नळी चिमटीत दाबा. आरपीएम पडले तर तो उघडा आहे, काहीच फरक पडला नाही तर अडकलाय.

धागाकर्ता:
बरोबर पकडलंत, प्लग लावलेलाच होता! आज ३ अंशांत पुन्हा मोजलं: २.३. उतरलं, पण अजून जास्तच. नळी दाबली तर इंजिन लगेच बसायला लागलं, म्हणजे एअर व्हॉल्व्ह संशयातून सुटला. रेग्युलेटर काढून टेबलावर घेतलाय. पेट्रोल आत शिरतं त्या तोंडाशी नखापेक्षा लहान जाळी आहे, तिच्यावर तांबूस गाळ बसलाय. बहुतेक टाकीचा गंज, त्यामुळे फिल्टर तर बदलतोच. पण जाळी धुऊन हाच बसवून पाहू, की सरळ रीबिल्डला पाठवू? कुणी स्वतः उघडलाय का हा?