समुद्रविज्ञानाची पदवी: घालवलेली वर्षे सार्थकी लागतात का?

धागाकर्ता

समुद्रविज्ञानाची पदवी घ्यावी का, असे कोणी विचारले की लगेच नोकऱ्यांचा हिशेब सुरू होतो. तो रास्तच आहे. पण या शिक्षणात विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय लागते, हे आधी पाहायला हवे. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी शोषली आहे. ती मोजण्यासाठी आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे सुमारे ४,००० फ्लोट, म्हणजे आपोआप वर-खाली होणारी मोजमापाची उपकरणे, जगभर तरंगत आहेत. प्रत्येक फ्लोट साधारण दर १० दिवसांनी बहुधा २,००० मीटर खोलीवरून वर येतो, वाटेत तापमान आणि क्षारता नोंदवतो व ती माहिती उपग्रहाकडे पाठवतो. ही माहिती कोणालाही विनामूल्य मिळते, त्यामुळे स्वतःचे जहाज नसलेल्या लहान विभागातील विद्यार्थ्यालाही खऱ्या समुद्रावर काम करता येते. माझ्या मते ही पदवी घेण्यासारखी आहे.

प्रतिसाद १

असहमत. माहिती विनामूल्य आहे म्हणूनच ती वाचण्याची कुवत महाग ठरते, आणि ती कुवत गणित व भौतिकशास्त्रातून येते. वाऱ्यामुळे पृष्ठभागावरचे पाणी कसे वाहते, याचे गणित स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ एकमन यांनी १९०५ मध्ये मांडले ते भौतिकशास्त्राच्या बळावर. पहिली पदवी भौतिकशास्त्राची घ्यावी आणि समुद्राकडे पदव्युत्तर टप्प्यावर वळावे. मधेच मन बदलले तरी वाटा खुल्या राहतात. सतराव्या-अठराव्या वर्षी केलेल्या निवडीबाबत ही सोय मला फार मोलाची वाटते.

प्रतिसाद २

एकमन यांचेच उदाहरण पुढे नेतो. ज्या प्रश्नाचे त्यांनी उत्तर शोधले, तो आला कुठून? १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ हे जहाज आर्क्टिकच्या बर्फात अडकून वाहत होते, तेव्हा बर्फ वाऱ्याच्या दिशेने न सरकता तिच्या उजवीकडे कलून सरकतो, हे मोहिमेचे प्रमुख, नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांच्या लक्षात आले. नान्सेन यांचे शिक्षण प्राणिशास्त्राचे होते. समीकरण सोडवणारा हवाच, पण निरीक्षणातली विसंगती ओळखणारा त्याच्याही आधी हवा. आजही तेच: फ्लोटवरचा क्षारतेचा संवेदक काही काळाने हळूहळू चुकीचे आकडे देऊ लागतो. आलेखातला बदल पाण्यातला आहे की उपकरणातला, हा संशय यायला पाण्याचे नमुने स्वतः घेऊन तपासलेले असावे लागतात. ही नजर पहिल्या पदवीतच तयार झाली तर बिघडले कुठे?

धागाकर्ता

प्रतिसाद १ मधील एक मुद्दा मला मान्य करावा लागेल. ज्या अभ्यासक्रमात प्रवाळ, देवमासे आणि प्रदूषण यांची केवळ वर्णने आहेत, पण विकलक समीकरणे, सांख्यिकी आणि संगणकीय आज्ञावली नाहीत, त्याची शिफारस मीही करणार नाही. प्रवेशापूर्वी माहितीपत्रकातली छायाचित्रे बाजूला ठेवून विषयांची यादी वाचावी, आणि समुद्रावर प्रत्यक्ष किती दिवस काम करायला मिळेल हे लेखी विचारावे.

प्रतिसाद १

नान्सेन यांचा मुद्दा वजनदार आहे. त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. द्रवगतिकी (पाणी-हवेसारख्या प्रवाही पदार्थांच्या हालचालीचे भौतिकशास्त्र) सक्तीची असेल आणि नमुने घेण्याचे काम पहिल्या वर्षापासून असेल, तर अशा पदवीला माझा विरोध नाही. द्रवगतिकी ऐच्छिक असेल, तर मात्र मी आजही भौतिकशास्त्रच सुचवेन.